बोटीवरची बंदूक आणि खारी हवा

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की बंदूक तेलाचं बोट न लावता कपाटात टेकवून ठेवली, तरी लगेच काही बिघडत नाही. रत्नागिरीला बदली झालेल्या सोलापूरकराला मात्र विचारा, त्याच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचं एका पावसाळ्यात काय झालं! हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजाला वाट मिळते. किनाऱ्यावर त्यात भर मिठाची.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं नेहमीचं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे समुद्रावर वापरलेली बंदूक न धुता सोलापुरात आणली, तर गंजाचं बी सोबतच आलं म्हणायचं.

बोटीवर पंप ॲक्शन बंदूक पसंत करतात, कारण तिची पुढची मूठ हातानं मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस नळीत सरकवायचं असतं. काडतुसाच्या वायूवर किंवा धक्क्यावर तिचं चालणं अवलंबून नसतं. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. उजनीच्या रोहित पक्ष्यांकडे दुर्बिणीतूनच बघायचं.)

साध्या बंदुकीचा निळसर काळा रंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साईडचा पातळ थर. दिसायला देखणा, पण खाऱ्या पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर त्याहून बरा. तो सच्छिद्र असल्यामुळे तेल धरून ठेवतो. तेल सुकलं की त्याचीही मातब्बरी संपली.

म्हणून रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीनं आपल्या ८७० मरीन मॅग्नम या पंप ॲक्शन बंदुकीला विजेशिवाय, रासायनिक क्रियेनं निकेलचा मुलामा दिला, तोही नळीच्या आतून-बाहेरून. हे ‘आतून’ महत्त्वाचं. वीज वापरून केलेला मुलामा कानाकोपऱ्यात नीट पोचत नाही; रासायनिक मुलामा द्रावण जाईल तिथे सारखा बसतो. पण निकेलची एक खोड आहे. त्यावर खोल ओरखडा पडून खालचं पोलाद उघडं पडलं, की खाऱ्या पाण्यात निकेल शाबूत राहतं आणि त्या एवढ्याशा जागेतलं पोलाद झपाट्यानं झिजून खड्डा पडतो. जस्ताचं उलट: ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं.

मॉसबर्ग कंपनीच्या मरिनर बंदुकीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. तो तांबडा गंज धरत नाही, पण पोलादी स्क्रूला टेकून खाऱ्या पाण्यात भिजला तर दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि तिथे झिजतं ते ॲल्युमिनियम. त्यावरचा संरक्षक थर शाबूत आहे तोवर फारशी काळजी नाही.

‘स्टेनलेस आहे’ एवढ्यावरही भुलू नये. क्रोमियमच्या ऑक्साईडचा अदृश्य थर या पोलादाला राखतो, पण मिठातला क्लोराईड त्याला जागोजाग भोकं पाडतो. जहाजावर आवडीनं वापरतात त्या ३१६ जातीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात ते यासाठीच. मात्र ही जात उष्णतेच्या प्रक्रियेनं कठीण होत नाही, त्यामुळे बंदुकीच्या नळ्या सहसा दुसऱ्या जातीच्या करतात, आणि त्या खाऱ्या हवेत तितक्या टिकत नाहीत.

माझं मत विचाराल तर नळीच्या झळाळीपेक्षा आतल्या स्प्रिंगा, पिना आणि स्क्रू आधी बघावेत. मुलामा बहुधा तिथेच वाचवलेला असतो. वापरानंतर गोड्या पाण्यानं धुणं, पूर्ण वाळवणं आणि तेल देणं याला कुठलाच मुलामा पर्याय नाही.

काडतुसांकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. स्वस्त काडतुसाचं बूड पुष्कळदा पितळेचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं. ते गंजून फुगलं की नळीत रुतून बसतं आणि बाहेर ओढता येत नाही. ओळखायला साधं चुंबक पुरतं: बुडाच्या कडेला चिकटलं तर आत पोलाद आहे.