लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ

हिवाळ्यात मुंबईहून सकाळी ७ ला सुटणारं विमान लंडनला ११:३० ला उतरतं, असं तिकिटावर छापलेलं असेल तर साडेचार तासांत पोहोचलो असं समजू नका. दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि हिशेब पुन्हा बदलतो. मुलांकडे निघालेले आईवडील इथे हमखास गोंधळतात.

पण खरी गंमत पुढे आहे. परतीचं विमान हेच अंतर साधारण नऊ तासांत कापतं. असं का?

आधी अंतर बघू. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र असा जातो आणि भरतो सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली तर ती बरीच दक्षिणेकडून, सिरियाच्या बाजूने जाते. दिसायला सरळ, पण लांबी सुमारे २०० किलोमीटर जास्त! विमानालाही दोऱ्याची वाट दरवेळी मिळत नाही. २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

तरीही जाण्यायेण्यातला तासाचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. विषुववृत्त तापलेलं, ध्रुव गार. या तफावतीमुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हेच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तफावत वाढते, तसा त्यांचा जोरही. विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच पळत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलणारच. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. ती ओलांडायची तर भोवतालच्या हवेच्या तुलनेत तेवढा वेग लागतो.

मग जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो का? नाही. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १०० धरा. वारा नसता तर जाऊन-येऊन १६ तास लागले असते. समोरून वारा असताना वेग ८००, म्हणजे ९ तास. पाठीमागून असताना १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. अडवायला वाऱ्याला पुरे नऊ तास मिळाले, ढकलायला जेमतेम सव्वासात.