अब्रूची कल्पना आणि लैंगिक हिंसा

अब्रूची कल्पना म्हणजे बाईने कसे वागावे आणि पुरुषाने कसे असावे, या समजुतींवरून बलात्कारातला दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरवण्याची सामाजिक रीत. अमेरिकी संशोधक मार्था बर्ट यांनी 1980 मध्ये अशा समजांचे मोजमाप केले. मानसशास्त्रज्ञ ग्लिक आणि फिस्क यांनी 1996 मध्ये स्त्रीविषयीच्या पूर्वग्रहाची दोन रूपे मांडली: एक उघड तुच्छतेचे, दुसरे बाईला जपणारे. दुसरे ओळखायला कठीण, कारण ते मायेच्या भाषेत बोलते.

सातारा-सांगलीकडे ही माया ‘अब्रू’ या शब्दात साठलेली आहे. ‘तिची अब्रू गेली’ म्हणताना जाते ती घराची. करणाऱ्याचे काय गेले, हे वाक्यात येतच नाही. मुलगी म्हणजे सांभाळायचे ओझे, हा हिशेब जन्मापासूनचा. सातारा जिल्ह्यात नको असलेल्या मुलीचे नाव ‘नकुशा’ ठेवत. ऑक्टोबर 2011 मध्ये अशा 285 मुलींची नावे समारंभाने बदलली गेली.

बलात्कार झाल्याचे सांगणाऱ्या बाईला पहिला प्रश्न असतो, “एवढ्या रात्री तिकडं कशाला गेलीस?” दुसरा, “ओरडली का नाहीस?” भीतीने अंग गोठते, आवाज फुटत नाही, पण अंगावर जखम नसली की लोक ‘टाळी एका हातानं वाजत नाही’ म्हणून मोकळे. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही 1978 मध्ये असाच तर्क लावून पोलिसांना सोडले. त्यावरच्या संतापातून 1983 ची कायदादुरुस्ती आली. पीडितेचे चारित्र्य काढण्याची मुभा देणारे कलम मात्र 2002 च्या दुरुस्तीपर्यंत टिकले.

उसाच्या फडात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असते. प्रत्यक्षात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा निघतो. म्हणूनच दिराचे नाव घेणाऱ्या बाईवर घरचेच विश्वास ठेवत नाहीत. धंदा करणाऱ्या बाईची तर तक्रारच हसण्यावारी नेतात. सांगलीत अशा स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली, ती उगीच नव्हे. ‘पुरुषावर कसला अत्याचार’ हा समज कायद्यातही आहे: भारतीय न्याय संहितेच्या, बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम 63 मध्ये पीडित फक्त स्त्री आहे आणि 18 वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही.

खरे नुकसान पहिल्या रात्री होते. अब्रू झाकायला घरातली बाई मुलीला आंघोळ घालते, कपडे धुते, आणि पुरावा मोरीतून वाहून जातो. कपडे न धुता, ओले असल्यास सावलीत वाळवून, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी धरते. एचआयव्ही टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. उपचार मोफत मिळतात, त्यासाठी आधी पोलिसांत जावे लागत नाही. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

गावकीत लग्न लावून ‘मिटवलेला’ बलात्कार कायद्याने मिटत नाही. मुलगी 18 वर्षांखालची असेल, तर माहीत असून न कळवणे हाच पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याखाली गुन्हा आहे. बैठकीला बसलेले पंचही त्यात येतात.