अंदमानचा लॉज आणि लक्षद्वीपचा लॉज

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या कोल्हापुरात ‘अंदमान नाहीतर लक्षद्वीप, कुठेतरी बेटावर जाऊन राहू’ हे वाक्य हमखास कानावर पडते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रे घरोघरी फिरली आणि तेव्हापासून तर हा ‘नाहीतर’ फारच सैल तोंडाने वापरला जातो. दोन्हीकडे समुद्राकाठी छोटा लॉज मिळतो आणि दोन्ही केंद्रशासित प्रदेश आहेत, एवढ्यावर साम्य संपते.

अंदमान आपल्या लोकांना नवे नाही. सेल्युलर जेल पाहून आलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) उतरावे, बोटीने हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप गाठावे आणि जमेल त्या भाड्यात खोली घ्यावी. एक लॉज आवडला नाही तर बॅग उचलून शेजारच्या लॉजमध्ये जावे. भारतीय पर्यटकाला तिथे किंवा नील बेटावर राहण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासींची राखीव क्षेत्रे यांची गोष्ट निराळी आहे, परंतु तिथे आपण लॉज शोधत जात नाही.

लक्षद्वीपमध्ये मात्र हा क्रम उलटा होतो, आणि नेमके हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. तिथे खोली मिळाली म्हणजे जाता येते असे नसून प्रवेश परवाना मिळाला तरच खोलीला अर्थ उरतो. हा नियम १९६७ पासूनचा आहे आणि तो परदेशी पाहुण्यांपुरता नाही. बाहेरून जाणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो लागू आहे. शिवाय परवाना सरसकट ‘लक्षद्वीप’चा नसतो, त्यात बेटाचे नाव असते. अगत्तीचा परवाना खिशात ठेवून ‘आता आलोच आहोत तर चार दिवस मिनिकॉयला राहू’ असे म्हणता येत नाही. हॅवलॉकवरून नीलला जाण्याची मोकळीक ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, ते इथे हटकून फसतात.

यामागचे कारण समजले की नियमाचा राग येत नाही. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवरच वस्ती आहे, आणि सगळी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहूनही कमी भरते. तिथे नदी नाही. प्रवाळाच्या वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हाच विहिरींचा आधार असतो, आणि जास्त उपसा झाला की त्यात खारे पाणी शिरते. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाने तिथल्या लॉजमध्ये नळ सोडून दाढी करू नये, हे मी मुद्दाम सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या दाजींनी अगत्तीच्या एका लॉजवाल्याला फोनवरूनच आगाऊ पैसे पाठवले, कोचीपर्यंतची तिकिटे काढली आणि पुढच्या विमानाचीही काढली. मी विचारले, ‘‘दाजी, परवाना कुणी काढलाय?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, आपलाच देश आहे, परवाना कसला?’’ कोचीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तोच कागद मागितला आणि बहिणीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ते तिने स्वतः मला साभिनय करून दाखवले आहे.

म्हणून लॉजवाल्याशी बोलताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. परवान्याचा अर्ज कोण करणार, त्यात कोणत्या बेटाचे नाव आणि कोणत्या तारखा येणार, आणि परवाना नाकारला गेल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही वेळेत काढून ठेवावा. आयत्या वेळी पोलीस ठाण्यात खेटे घालण्यात शहाणपण नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बंगारम वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा ज्यांचा बेत त्यावरच उभा आहे त्यांनी अंदमानला जावे. अंदमानात सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही; घड्याळ मात्र तेच, त्यामुळे डिसेंबरात साडेपाचपर्यंत सूर्य बुडालेला असतो. पोहण्यासाठी माझी पसंती निःसंशय लक्षद्वीपला आहे. हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर लॉज दाटीने आहेत, पण ओहोटीला पाणी दूर जाते आणि समोर खडक उघडे पडतात. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांना पश्चिमेला प्रवाळाच्या कड्याने अडवलेले शांत, उथळ पाणी असते. त्यामुळे खोली पश्चिम किनाऱ्यावरचीच मागावी. अँड्रोथला मात्र असे पाणी जवळजवळ नाही.

दाजींनी ते चार दिवस कोचीत काढले. आगाऊ रक्कम अद्याप परत आलेली नाही, आणि यंदा त्यांनी हॅवलॉकची तिकिटे काढली आहेत.