स्टंप ग्राइंडरचे दात

स्टंप ग्राइंडरचे दात : झाड तोडल्यानंतर जमिनीत उरणारा बुडखा किसून काढणाऱ्या यंत्राच्या चाकावर बसवलेली, टोकाला टंगस्टन कार्बाइडची (टंगस्टन व कार्बन यांच्या अतिकठीण संयुगाची) टिप असलेली कर्तनहत्यारे. हे चाक उभे असून वेगाने फिरता फिरताच ते बुडख्यावरून डावीकडून उजवीकडे व परत असे झुलवले जाते आणि दर खेपेला थोडे खाली उतरवले जाते. त्यामुळे करवतीचा दात जसा एकाच रेषेत खाच पाडतो तसे येथे होत नाही; या दाताला पुढून आणि बाजूने असे दोन्ही अंगांनी कापावे लागते, शिवाय लाकूड संपले की माती, वाळू व दगडही त्याच्याच वाट्याला येतात. दाताची निवड आणि निगा यांविषयीचे बहुतेक सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

हे यंत्र बाजारात आणण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पेला येथील व्हर्मीर कंपनीला दिले जाते व त्याचा काळ १९५७ च्या सुमाराचा मानतात. डच एल्म रोग अमेरिकेत १९३० मध्ये ओहायो राज्यात प्रथम आढळला आणि पुढील दशकांत त्याने रस्त्याकडेचे असंख्य एल्म वृक्ष मारले. वाळलेली झाडे तोडल्यावर मागे राहिलेल्या बुडख्यांचा प्रश्न नगरपालिकांपुढे होताच. तथापि या यंत्राकडे एकाच कंपनीचा शोध म्हणून पाहण्यापेक्षा, कठीण धातूचे दात बसवलेल्या कर्तनचाकाचा लाकूड व माती यांच्या सीमेवर केलेला उपयोग म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण टिपेच्या पदार्थावाचून अशा चाकाची धार मातीत फार वेळ टिकणे अवघड होते.

या पदार्थाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. टंगस्टन कार्बाइड हे संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांनी १८९० च्या दशकात विद्युत् भट्टीत तयार केले होते, आणि जर्मनीत फोइग्टलेंडर व लोमान यांनी १९१४ च्या सुमारास त्यापासून हत्यारे बनवण्याचे एकस्व (पेटंट) घेतले. परंतु ती हत्यारे फार ठिसूळ होती. विजेच्या दिव्यांतील टंगस्टनची तार ओढण्यासाठी लागणारे हिऱ्याचे साचे महाग पडत असल्यामुळे ओस्राम कंपनीच्या बर्लिनमधील संशोधकांनी पर्यायाचा शोध सुरू केला. त्यांपैकी बाउमहाउअर यांनी कार्बाइडच्या सच्छिद्र पिंडात वितळलेले लोह मुरवून पाहिले, तर कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये कार्बाइडची पूड कोबाल्टच्या पुडीत मिसळून, दाबून व तापवून एकजीव करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले. काही लेखक बाउमहाउअर यांच्या प्रयोगाला आरंभबिंदू मानतात. तरी आजचा दात कोबाल्टवरच उभा असल्याने श्र्योटर यांना अग्रक्रम देणे योग्य ठरते. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ‘विडिया’ या नावाने १९२७ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडला. महाराष्ट्रातील लेथ कारखान्यांत कोणत्याही कंपनीच्या कार्बाइड टिपेला आजही ‘विडिया’च म्हणतात, व्यापारनामाचे सामान्यनाम झाल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

कार्बाइडचे कण काठिण्य देतात आणि कोबाल्ट त्यांना धरून ठेवतो. कोबाल्टचे प्रमाण वाढवले किंवा कण भरड घेतले तर टिप आघात सोसते, पण लवकर झिजते. उलट केल्यास धार टिकते, पण दगड लागताच टवका उडतो. म्हणून दाताची निवड लाकडापेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. खडे नसलेल्या मऊ मातीत टोकदार, पटाशीसारख्या धारेचा दात स्वच्छ काप देतो आणि इंजिनावर कमी भार टाकतो. मुरमाड किंवा दगडगोट्यांच्या जमिनीत मात्र जाड व किंचित बोथट कोनाची टिप घ्यावी. कामाचा वेग घटतो, परंतु दिवसभरात बदलावे लागणारे दात कमी होतात. लाकडाचा विचार दुय्यम असला तरी अजिबात सोडता येत नाही. सागवानात सिलिका असल्यामुळे ते हत्यारांची धार लवकर मारते, हा सुतारांचा जुना अनुभव येथेही लागू पडतो.

रचनेच्या दृष्टीने जुन्या पद्धतीचा दात म्हणजे पोलादी दांड्यावर चांदीयुक्त झाळेने बसवलेली टिप. त्याचे डावा, उजवा व सरळ असे प्रकार असतात. डावे व उजवे असे वाकडे दात चाकाच्या बाजू मोकळ्या ठेवतात आणि सरळ दात खोली कापतात. अलीकडच्या गोल टिपेच्या दातांत एक कड बोथट झाली की नट सैल करून दात वळवता येतो आणि नवी कड पुढे आणता येते. ज्यांच्याकडे धार लावण्याची सोय नाही त्यांना हा प्रकार सोयीचा पडतो.

दात ज्यात बसतो त्या खोबणीकडे वापरकर्त्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि मोठे नुकसान होते तेही तिथेच. जुन्या पद्धतीत चाकाच्या दोन बाजूंच्या समोरासमोर खोबणी एकाच बोल्टजोडीने आवळलेल्या असतात. त्यामुळे एका बाजूचा बोल्ट ढिला झाला की समोरचा दातही हलू लागतो. खोबणीत माती किंवा भुसा राहिला तर दात घट्ट बसल्यासारखा वाटतो, परंतु काही मिनिटांच्या थरथरीत तो भुसा दबतो आणि बोल्ट सुटतो. म्हणून बसवण्यापूर्वी खोबण तारेच्या ब्रशने साफ करावी, ताणलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत, उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावे आणि थोडे काम झाल्यावर पुन्हा तपासावे. सर्व दात सारखेच बाहेर आलेले असावेत. एखादा दात पुढे राहिला तर इतरांचे काम तो एकटाच करतो आणि आधी तुटतो. हे सर्व इंजिन बंद करून, किल्ली काढून व चाक पूर्ण थांबल्यावरच करावे, कारण क्लच सोडल्यानंतरही चाक बराच वेळ फिरत राहते.

धार गेल्याचे पहिले लक्षण यंत्राखाली पडणाऱ्या किसात दिसते. धारदार दात लाकडाचे ढलपे काढतो. बोथट दात पीठ पाडतो, धूर काढतो आणि यंत्राला हादरे देतो, ज्यांचा त्रास पट्टे व बेअरिंग यांना होतो. दात हातात घेऊन उजेडात धरला असता धारदार कडेवर प्रकाश थांबत नाही. बोथट कडेवर मात्र पांढरी रेघ चमकते. ही रेघ जितकी रुंद तितके घासकाम जास्त, त्यामुळे ती केसाएवढी असतानाच धार लावणे किफायतशीर ठरते.

नेहमीच्या तपकिरी सहाणेचा दगड पोलादासाठी असतो. कार्बाइड पोलादाहून फार कठीण असल्याने त्यावर घासली जाते थोडी आणि तापते फार. यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा हिरवा दगड किंवा हिऱ्याचे चाक वापरतात. हिऱ्याचे चाक जलद व थंड काम करते, पण ते पोलादावर घासू नये, कारण तापलेल्या लोहात हिऱ्याचा कार्बन विरघळतो व चाक निकामी होते. म्हणून टिपेमागचे पोलाद आधी साध्या दगडाने मागे घ्यावे आणि मगच टिपेला हिरा लावावा. तापलेली टिप पाण्यात बुडवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. कार्बाइडचे प्रसरण पोलादाच्या सुमारे निम्मे असते. अचानक थंडावल्याने दोन्ही असमान आकसतात आणि झाळेजवळ केसासारखा तडा जातो, जो जमिनीतला पुढचा दगड लागताच उघड होतो. या कामातील धूळ कोबाल्टयुक्त असून तिच्यापासून फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो, म्हणून चांगला मास्क व धूळ ओढून घेण्याची सोय आवश्यक आहे.

टिप शाबूत असूनही दात टाकून द्यावा लागतो तो बहुधा दांड्याच्या झिजेमुळे. वाळूमिश्रित किस टिपेमागचे मऊ पोलाद खरवडत जातो, टिपेचा आधार नाहीसा होतो आणि एखाद्या आघाताने ती झाळेसकट निखळते. टिपेच्या मागे नखाला खोलगट जागा लागू लागली की तो दात बदलावा, आणि चाकाचा तोल राखण्यासाठी समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदारही त्याच वेळी बदलावा.