जन्मजात हृदयदोष आणि अनियमित ठोके

हृदयाच्या रचनेत जन्मतःच दोष असलेल्यांच्या ठोक्यांची लय पुढे कधीतरी बिघडते, त्या अवस्थेविषयीची ही नोंद. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते १० बाळांच्या हृदयात असा दोष असतो. लोक सरसकट ‘हृदयाला छिद्र’ म्हणतात. पण झडप बिघडलेली, रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली किंवा एखादा कप्पा वाढलाच नाही, असेही असते.

१९४४ साली बाल्टिमोरमध्ये ब्लॅलॉक-टॉसिग जोडणीची (हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याची) पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ‘निळी बाळे’, म्हणजे रक्तात प्राणवायू कमी पडून निळसर दिसणारी बाळे, जगू लागली. १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद लिलेहाय यांनी फॅलो चतुष्काची, म्हणजे एकत्र येणाऱ्या चार हृदयदोषांची, आतून दुरुस्ती केली. ती मुले मोठी झाली, तेव्हा ठोक्यांचा प्रश्न पुढे आला. दुरुस्ती म्हणजे बरे होणे नव्हे, हे त्यातून कळले.

टाके घातलेल्या जागी व्रण राहतो. त्यातून वीज वाहत नाही. मग विद्युतसंदेश त्याला वळसा घालून गोलगोल फिरत राहतो आणि ठोके वेगाने पडू लागतात. मस्टर्ड आणि सेनिंग (अदलाबदल झालेल्या रक्तवाहिन्यांसाठी हृदयाच्या वरच्या कप्प्यांत रक्ताची वाट बदलणाऱ्या) आणि फोंतां (एकच कप्पा कामाचा असताना शिरांचे रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणारी) या शस्त्रक्रियांनंतर हे विशेष दिसते. मात्र दरवेळी दोष चाकूचाच नसतो. एबस्टाइन विकृतीत (उजव्या बाजूची झडप जन्मतःच खाली सरकलेली असते) विजेची जादा वाट जन्मजातच असू शकते. अलिंदांमधले, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले, छिद्र तसेच राहिले तर कप्पे ताणून चाळिशीनंतर अलिंद-कंपन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) सुरू होण्याचा संभव वाढतो. काहींची नाडी उलट मंदावते आणि पेसमेकर बसवावा लागतो.

फसवे प्रकरण म्हणजे स्वस्थ बसल्यावरही १२०-१३०वर अडून राहिलेली नाडी. वेग फार नसल्याने ती ‘काळजीने होते’ म्हणून सोडून दिली जाते. खरे तर काळजीची धडधड विश्रांतीने हळूहळू उतरते. ही तासन्‌तास त्याच आकड्यावर राहते. तेव्हाच ईसीजी काढला तर निदान होते. ठोके येऊन-जाऊन असतील, तर होल्टर (अंगावर लावायचे छोटे ईसीजी यंत्र) लावून दिवसभराची नोंद घेतात. शुद्ध हरपली, विशेषतः व्यायाम करताना, तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

उपचारांत औषधे, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कॅथेटरने (शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने) व्रणाजवळची विजेची वाट जाळणे आणि धोका मोठा असल्यास शॉक देणारे यंत्र बसवणे हे मार्ग आहेत. फोंतांनंतर मात्र शिरेतून हृदयात शिरण्याची नेहमीची वाटच बदललेली असते, म्हणून कॅथेटर नेणे अवघड जाते. अनेकांना लहानपणी नेमके कोणते ऑपरेशन झाले हे माहीत नसते. त्यामुळे जुने कागद आणि बरे असतानाचा एक ईसीजी जवळ असणे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.