मानव-संगणक आंतरक्रिया व सार्वजनिक धोरण (कोकण किनारपट्टी)

यंत्रावरची माहिती माणूस कशी वाचतो, कुठे अडतो आणि चुकल्यावर परत कसा फिरतो, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे मानव-संगणक आंतरक्रिया. कायदे, मानके, इशारे व शासकीय सेवा आखताना या शाखेतील जाणकारीचा जो उपयोग होतो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे.

स्वतंत्र शाखा म्हणून तिचा आरंभ सामान्यतः १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मानतात. १९८२ मध्ये अमेरिकेत गेथर्सबर्ग (मेरिलँड) येथे भरलेली परिषद ही त्याची रूढ खूण होय. ब्रिटनमध्ये ब्रायन शॅकेल यांनी मात्र १९५९ मध्येच संगणकाच्या मांडणीचा कार्यसुलभतेच्या अंगाने विचार केला होता. धोरणाशी तिचा संबंध केव्हा जुळला, याविषयी अधिक मतभेद आहेत. अमेरिकी लेखन बहुधा नोव्हेंबर २००० पासून सुरुवात करते. फ्लॉरिडातील पाम बीच परगण्यात उमेदवारांची नावे दोन्ही पानांवर आणि छिद्रांची रांग मधोमध, अशी मतपत्रिका होती. तिने मतदारांचा गोंधळ उडाला आणि २००२ च्या मतदान-साहाय्य कायद्यात मानवी घटकांच्या अभ्यासाची तरतूद आली. (या सगळ्या प्रकरणात मतदारासमोर संगणक नव्हताच, होता तो कागद.) यूरोपीय अभ्यासक २९ मे १९९० च्या निर्देशाकडे बोट दाखवतात. पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी काढलेल्या या निर्देशाच्या परिशिष्टात आज्ञावली कामाला साजेशी व वापरायला सोपी असावी, कर्मचाऱ्याच्या नकळत तिने त्याच्यावर पाळत ठेवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तिसरे मत नॉर्वेचे. तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम केले आणि १९७७ च्या कार्यपर्यावरण कायद्याने यंत्रणा आखण्यात कामगारांना सहभाग दिला. वापरणारा केवळ तपासला न जाता ठरवणाराही झाला, हे लक्षात घेता हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोकणातील उदाहरणेही त्याच दिशेने जातात.

भारतात या विषयाची पायाभरणी पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने (स्थापना १९६९) केली. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांना मनाई करणारी तत्त्वे नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली.

कोकणात हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो समुद्रावर. बंदरातील बावटा ही जुनी खूण. दिवसा आकृत्या, रात्री दिवे आणि वादळाचा धोका सांगणारे १ ते ११ असे क्रमांक. हर्णैपासून मालवणपर्यंत ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. हवामान विभागाचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंग त्याच्या जोडीला आले, पण ते वाऱ्याचा जोर न सांगता किती सज्जता हवी हे सांगतात आणि जिल्हावार असतात. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर असलेल्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) जिल्ह्याच्या रंगाचा उपयोग बेताचाच, म्हणून मच्छीमारांसाठी वेगळा इशारा द्यावा लागतो. जुनी मोजपट्टी न काढता नवी जोडत जाणे हा इथला खरा दोष आहे.

मापांचेही तसेच. सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील आदेशांत ट्रॉलरना बंद असलेले पट्टे पाच व दहा वाव खोलीने ठरवले गेले. वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर, आणि बोटीवर बोलतात ते वावांतच. हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राची (स्थापना १९९९) मासळीच्या संभाव्य क्षेत्राची सूचना मात्र खोली मीटरमध्ये, अंतर किलोमीटरमध्ये आणि दिशा अंशांत देते. हे रूपांतर हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी करायचे असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘जेमिनी’ उपकरणाने मोबाइलची रेंज संपते तिथेही उपग्रहामार्फत सूचना फोनवर पोहोचू शकते. संदेश एकाच दिशेने जातो, तांडेलाला उलट काही विचारता येत नाही. शिवाय रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील बोटींवर नेपाळी खलाशीही असतात, त्यांच्यापर्यंत मराठी इशारा तांडेलाच्या तोंडूनच जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि फोन दोन्ही गेले. पडद्यावर विसंबलेल्या यंत्रणेची मर्यादा त्यातून कळते. खांबावरचा बावटा विजेवाचून दिवसा तरी दिसतो.

जमिनीकडे वळता, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः फोनवर पिकाचा फोटो काढून नोंद करतो. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंदणी आणि नोंद दुरुस्त करण्यासाठी ४८ तासांची मुभा, या दोन सोयी साध्या असल्या तरी धोरणाच्या तोलाच्या आहेत. कोकणात सातबाऱ्यावर काका-पुतण्यांची डझनभर नावे, त्यांतले निम्मे चाकरमानी मुंबईत, आणि हापूस, काजू, फणस व वरकस (हलकी डोंगरउताराची जमीन) एकाच गटात असा प्रकार सर्रास आढळतो. ‘एक खातेदार, एक फोन, एक पीक’ असे गृहीत धरणारा अर्ज येथे पहिल्याच पानावर अडला असता. बांधावरची झाडे नोंदवण्याचा वेगळा पर्याय आहे, तो या भागाला विशेष उपयोगी.

इतर सेवांत (लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील दाखले इत्यादी) अर्जदार बहुधा सेवा केंद्रावर जातो आणि पडदा हाताळतो तो केंद्रचालक. अर्जदाराकडे फोन नसेल तर अर्जात क्रमांक कोणाचा घालायचा, हे तेथे काउंटरवरच ठरते.