एलेन द्युत्रियू: सायकलवरून थेट विमानात

एलेन द्युत्रियू म्हणजे विमानांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली बेल्जियमची पायलट. तिचं नाव निघालं की लोक आधी कॉर्सेटचा (कंबर आवळून धरणारा, कडक पट्ट्यांचा आतला कपडा) किस्सा काढतात. मी पण सांगणारे, पण आधी सायकल, कारण माझ्या मते ही बाई विमानात बसायच्या आधीच निम्मी पायलट झाली होती.

जन्म 1877 चा, बेल्जियममधल्या तूर्ने गावचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कामाला लागली. भाऊ सायकल रेस खेळायचा, त्याच्या मागोमाग ही पण ट्रॅकवर उतरली आणि 1895 ला बायकांमधला तासाभराचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा) वर्ल्ड रेकॉर्ड करून बसली. मग स्टंट. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआं असतो ना, तसलाच धंदा, फक्त ही सायकलवरून उतारावर सुसाट सुटायची आणि हवेत झेप घेऊन पलीकडे उतरायची. पोस्टरवर नाव 'मानवी बाण'. नंतर मोटारसायकल, मोटार, नाटकात कामं, सगळं करून झालं.

म्हणून क्लेमां-बायार कंपनीला 'द्मोआझेल' या चिमुकल्या विमानासाठी पायलट हवा होता तेव्हा हिचं नाव पुढे आलं. वजन कमी, भीती नाही, आणि बाई म्हटल्यावर फुकटात जाहिरात! पहिल्याच प्रयत्नात विमान आपटलं ते वेगळं. मग ती फारमान कंपनीच्या बायप्लेनकडे, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेल्या विमानाकडे वळली. त्यात केबिन वगैरे काही नाही, खालच्या पंखाच्या पुढच्या कडेला सीट, पाय जवळजवळ हवेत, पाठीमागे धडधडणारं इंजिन आणि त्यात वंगण म्हणून चक्क एरंडेल.

सप्टेंबर 1910 मध्ये ती ऑस्टेंडहून ब्रुजपर्यंत न थांबता उडत गेली, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिच्याकडे लायसन्सच नव्हतं, ते मिळालं 25 नोव्हेंबरला. बेल्जियमची पहिली महिला पायलट, जगात चौथी.

आता कॉर्सेट. बाई आतून कॉर्सेट न घालता उडते हे पेपरवाल्यांना कळलं आणि केवढा गहजब! अरे, नीट श्वास घेता यायला नको? आणि विमान आपटलं तर त्या पट्ट्या बरगड्यांत घुसणार, साधा हिशोब आहे. पण बोंब कपड्यांचीच.

तिने काय केलं, तर 21 डिसेंबर 1910 ला, ऐन थंडीत, त्या उघड्या सीटवर 2 तास 35 मिनिटं बसून 167 किलोमीटर कापले आणि 'फेमिना' मासिकाने बायकांसाठी ठेवलेला कप नेला. (त्याच महिन्यात बेल्जियमचाच बॅरन द कातेर्स, तिथलं पायलटचं लायसन्स नंबर 1 वाला, आपल्या कलकत्त्यात टॉलीगंजला विमान उडवून दाखवत होता.) पुढच्या वर्षी तोच कप परत, यावेळी 254 किलोमीटर, शिवाय फ्लॉरेन्सला राजाचा कप, तिथे बाकी सगळे स्पर्धक पुरुष. 1912 ला सीप्लेन (पाण्यावरून उडणारं विमान) चालवलं, 1913 ला फ्रान्सचा लेजियन ऑफ ऑनर हा मोठा सरकारी सन्मान.

पहिल्या महायुद्धात विमान सुटलं, अँब्युलन्स चालवली. 1922 मध्ये पिएर मोर्तिए या पत्रकाराशी लग्न झालं, फ्रेंच नागरिक झाली.

1956 मध्ये, ऐंशीला टेकलेली असताना, तिने स्वतःच्या नावाने एक कप सुरू केला, बक्षीस 2 लाख फ्रँक. अट जुन्या फेमिना कपासारखीच: वर्षात न थांबता सगळ्यात लांब उडेल ती बाई, फ्रान्सची असो नाहीतर बेल्जियमची.